मोटारीचे धुकेदिवे

धुकेदिवा (प्रचलित नाव: फॉग लॅम्प किंवा फॉग लाइट) हा धुके, मुसळधार पाऊस किंवा दाट धूळ यांमुळे दृश्यमानता कमी झाली असता वापरावयाचा मोटारवाहनाचा साहाय्यक दिवा होय. पुढील धुकेदिवे बंपरच्या खालच्या भागात जोडीने बसविलेले असतात आणि त्यांचा झोत रुंद, आखूड व वरच्या बाजूस स्पष्टपणे कापलेला असतो. मागील धुकेदिवा लाल व तीव्र असून तो पाठीमागून येणाऱ्या चालकास वाहनाची जाणीव करून देतो. अनेक मोटारींच्या महागड्या प्रकारांत हे दिवे कारखान्यातूनच येतात. स्वस्त प्रकारांत मात्र त्यांच्या जागी बंपरवर प्लास्टिकचे झाकण असते. अशा मोटारींचे मालक पुढे स्वतः किंवा मोटार-इलेक्ट्रिशियनकडून हे दिवे बसवून घेतात. महाराष्ट्रात चंद्रपूर व गडचिरोली या वनव्याप्त जिल्ह्यांत नद्या, भातशेती, जंगलातून जाणारे रस्ते आणि खनिज वाहतूक यांमुळे या दिव्यांच्या योग्य व अयोग्य वापराचा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो.

== रचना व कार्य ==

धुके म्हणजे जमिनीलगतच्या हवेत तरंगणारे पाण्याचे सूक्ष्म थेंब होत. मोटारीच्या मुख्य दिव्याचा, विशेषतः वरच्या झोताचा (हाय बीम), प्रकाश या थेंबांवर आदळून सर्व दिशांना विखुरतो. त्यातील काही भाग उलट फिरून चालकाच्या डोळ्यांत येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहिल्यासारखे दिसते. दिवा जितका प्रखर, तितकी ही भिंतही प्रखर. म्हणून धुक्यात अधिक प्रकाश म्हणजे अधिक दृष्टी हे समीकरण लागू पडत नाही.

धुकेदिव्याच्या रचनेत यावर तीन उपाय योजलेले असतात. पहिला उपाय उंचीचा. मोटारचालकाचे डोळे जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर असतात, तर धुकेदिवा अर्धा मीटर किंवा त्याहून कमी उंचीवर असतो. त्यामुळे चालकाची दृष्टिरेषा व प्रकाशाचा झोत यांत अंतर पडते आणि दृष्टिरेषेत विखुरलेला प्रकाश कमी येतो. दुसरा उपाय झोताच्या वरच्या कडेचा. परावर्तक, भिंग किंवा आतील पडदा यांच्या साहाय्याने क्षितिजाच्या वर जाणारा प्रकाश अडविला जातो. तिसरा उपाय रुंदीचा. झोत दोन्ही बाजूंना पसरल्याने रस्त्याची कड, साइडपट्टी, पांढरा पट्टा, मैलाचा दगड व पुलाचा कठडा जवळून दिसतात. दाट धुक्यात चालक दूरचे पाहून नव्हे, तर या कडांच्या आधारे वाहन चालवीत असतो.

धुकेदिव्याचे काम दूरवर पाहण्यास मदत करणे हे नाही. लांब पल्ल्याचा अरुंद झोत टाकणारा साहाय्यक दिवा (ड्रायव्हिंग लॅम्प) व छतावर किंवा जाळीवर बसविली जाणारी एलईडी पट्टी (लाइट बार) यांना बाजारात सरसकट फॉग लाइट म्हटले जाते. परंतु त्यांचा प्रकाश वर व दूर जात असल्याने धुक्यात ते मुख्य दिव्यापेक्षाही अपायकारक ठरतात.

== रंगाविषयीचा समज ==

पिवळा प्रकाश धुक्यातून आरपार जातो, असा समज सर्वत्र आहे. त्याच्या समर्थनार्थ आकाशाच्या निळेपणाचे उदाहरण दिले जाते. हवेच्या रेणूंसारख्या अतिसूक्ष्म कणांवर निळा प्रकाश अधिक विखुरतो, हे खरे आहे. परंतु हा नियम प्रकाशाच्या तरंगलांबीहून पुष्कळ लहान असलेल्या कणांनाच लागू होतो. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ०.४ ते ०.७ मायक्रॉन असते, तर धुक्याच्या थेंबांचा व्यास काही मायक्रॉनपासून काही दशक मायक्रॉनपर्यंत असतो. एवढ्या मोठ्या थेंबांवर सर्व रंग जवळजवळ सारखेच विखुरतात. ढग पांढरा दिसतो तो याच कारणाने.

पिवळ्या दिव्याचा अल्प लाभ असलाच, तर तो डोळ्यांच्या बाजूने आहे. निळसर प्रकाश काढून टाकल्याने अनेकांना चकाकी कमी जाणवते व डोळ्यांवर ताण कमी येतो. फ्रान्समध्ये १९३६ च्या नियमानुसार मोटारींचे मुख्य दिवेही पिवळे ठेवणे बंधनकारक झाले होते; ही सक्ती १९९३ मध्ये उठली. धुकेदिव्याची उपयुक्तता मात्र मुख्यतः झोताचा आकार, उंची व दिशा यांवर ठरते, रंगावर नव्हे. त्यामुळे मूळ दिव्यावर पिवळा कागद चिकटविल्याने तो धुकेदिवा होत नाही. केवळ त्याचा प्रकाश कमी होतो.

== चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील परिस्थिती ==

या दोन जिल्ह्यांची ख्याती कडक उन्हाळ्यासाठी असली, तरी डिसेंबर-जानेवारीत येथील पहाटे थंड व धुकट असतात. निरभ्र व निवांत रात्री जमीन उष्णता गमावते, तिच्यालगतची दमट हवा दवबिंदूपर्यंत थंड होते आणि धुके तयार होते. वैनगंगा, वर्धा, इरई, प्राणहिता, इंद्रावती या नद्या, माजी मालगुजारी तलाव आणि मूल, सावली, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी, आरमोरी या पट्ट्यातील धानाच्या बांध्या हवेला ओलावा पुरवितात. त्यामुळे धुके सर्वत्र सारखे नसते. माळावर स्वच्छ असलेला रस्ता नदीच्या पुलावर किंवा सखल बांध्यांजवळ अचानक दिसेनासा होतो. सावली व गडचिरोली यांच्या दरम्यान वैनगंगेवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ९३० अशाच भूभागातून जातो.

चंद्रपूर शहर, बल्लारपूर, राजुरा, घुग्घुस व भद्रावती या परिसरात कोळसा खाणी, सिमेंट कारखाने व दुर्गापूर येथील महाऔष्णिक विद्युत केंद्र आहे. हवेतील सूक्ष्म कणांवर बाष्प जमत असल्याने औद्योगिक भागात धूरमिश्रित धुके होण्यास पोषक स्थिती असते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या सर्वंकष पर्यावरण प्रदूषण निर्देशांकात चंद्रपूरला ८३.८८ गुण मिळून ते अतिप्रदूषित क्षेत्रांत गणले गेले होते. खाणींकडे जाणाऱ्या रस्त्यांवर कोरड्या ऋतूत ट्रकांमागे उडणारी धूळही धुक्यासारखाच परिणाम घडविते. गडचिरोली जिल्ह्यात सुरजागड येथील लोहखनिजाच्या वाहतुकीने एटापल्ली, आलापल्ली व आष्टी या मार्गांवरील अवजड वाहनांची संख्या वाढली आहे.

चंद्रपूर जिल्ह्यातून २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग वनाखाली आहे. चंद्रपूर जिल्ह्यात ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प व त्याभोवतीची वने आहेत. चंद्रपूर-मूल, आलापल्ली-सिरोंचा, आलापल्ली-भामरागड यांसारख्या रस्त्यांवर झाडी कडेपर्यंत आलेली असते आणि चितळ, रोही, रानडुक्कर, रानगवा यांचा वावर असतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगडमधून रानटी हत्तींचा कळप गडचिरोली जिल्ह्यात आला, तेव्हापासून रात्रीच्या वाहतुकीत हत्तींचाही विचार करावा लागतो. चितळासारख्या प्राण्याचे डोळे दिव्याच्या प्रकाशात चमकतात. परंतु काळसर अंगाचा गवा पाठ फिरवून उभा असेल तर अगदी जवळ येईपर्यंत तो दिसत नाही. रुंद झोताचे धुकेदिवे रस्त्याची कड उजळवितात, म्हणून वळणावर व झुडपांलगत त्यांचा काही उपयोग होतो. मात्र प्राणी दूर असतानाच दिसावा, यासाठी वेग कमी ठेवणे हाच परिणामकारक उपाय आहे. अभयारण्यात वन्यप्राण्यांना त्रास देण्यास वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ ने मनाई केलेली आहे. प्राणी पाहण्यासाठी त्यांच्यावर झोत रोखणे हा धुकेदिव्यांचा वापर नव्हे.

पहाटेच्या वेळी रस्त्यावर केवळ मोटारी नसतात. शेताकडे निघालेले पायी लोक, शाळकरी मुलांच्या सायकली, धानाची पोती नेणाऱ्या बैलगाड्या आणि मागे दिवा वा परावर्तक पट्टी नसलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या याच अरुंद रस्त्याने जातात. चुकीच्या दिशेने लावलेला प्रखर दिवा समोरच्या चालकाचे डोळे दिपवितो आणि त्याच्या पुढ्यातील सायकलस्वार त्याला दिसत नाही. अशा दिव्याचा धोका बहुधा तो बसविणाऱ्यास न पोहोचता तिसऱ्याच माणसास पोहोचतो.

== कायदेशीर तरतुदी ==

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०५ नुसार, सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापर्यंत, तसेच १५५ मीटर अंतरावरील माणसे व वाहने स्पष्ट दिसण्याइतका प्रकाश नसेल अशा इतर कोणत्याही वेळी वाहनाचे विहित दिवे लावलेले असणे आवश्यक आहे. दाट धुक्यातील सकाळ या तरतुदीत येते. नियम १०६ नुसार पुढे प्रकाश टाकणाऱ्या दिव्याचा झोत खाली वळविलेला असावा लागतो. दिव्यापासून ८ मीटर पुढे, वाहनाच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला व जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या व्यक्तीस तो दिपविणारा नसावा. नियम १११ ने पुढील बाजूस स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट लावण्यास, नोंदणी प्राधिकाऱ्याच्या मान्यतेने अपवादात्मक परिस्थिती वगळता, मनाई केली आहे.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ विनिर्देशांहून भिन्न होईल असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा कडक अर्थ लावला. अधिनियमात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीने समाविष्ट केलेल्या कलम १८२-अ नुसार, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकास प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने बंपरपुढे लावल्या जाणाऱ्या लोखंडी गार्डवर कारवाई करण्यास राज्यांना कळविले होते. अशा गार्डवर दिवे बसविल्यास एकाच वेळी दोन आक्षेप उद्भवतात.

चारचाकी वाहनांवरील दिव्यांच्या मांडणीसाठी भारतात एआयएस-००८ हे मानक आहे. ते ज्या धर्तीवर बेतले आहे, त्या संयुक्त राष्ट्रांच्या विनियम क्रमांक ४८ नुसार मोटारीचा पुढील धुकेदिवा जमिनीपासून किमान २५० मिलिमीटर व कमाल ८०० मिलिमीटर उंचीवर असावा, तो खालच्या झोताच्या मुख्य दिव्यापेक्षा वर नसावा आणि वाहनाच्या बाहेरील कडेपासून ४०० मिलिमीटरहून अधिक आत नसावा. यामुळे त्याच मॉडेलच्या वरच्या प्रकारासाठी उत्पादकाने अधिकृत उपसाधन म्हणून पुरविलेला संच, त्याच्या मूळ जागी बसविणे हा सर्वांत निर्धोक मार्ग ठरतो. शंका असल्यास प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे आधी विचारणा करणे इष्ट असते.

== स्वतः बसविण्याची पद्धत ==

=== साहित्य ===

संचात सामान्यतः दोन दिवे, त्यांचे पाय (ब्रॅकेट), बंपरच्या जाळ्या, रिले, फ्यूज, कपलरसह वायरिंग व डॅशबोर्डवरील स्विच यांचा समावेश असतो. याशिवाय पाने, स्क्रूड्रायव्हर, क्रिम्पिंगचे पक्कड, उष्णतेने आकसणारी नळी, वायर बांधण्याच्या पट्ट्या व मल्टिमीटर लागतो. काही मोटारींत बंपरमागे कंपनीचा कपलर आधीच दिलेला असतो. तेथे स्वतंत्र वायरिंग करण्याची गरज पडत नाही. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी वाहनाची पुस्तिका व बंपरमागील जागा तपासली जाते.

=== विद्युत जोडणी ===

दोन ५५ वॅटचे हॅलोजन बल्ब १२ व्होल्टच्या बॅटरीवर सुमारे ९ अँपिअर प्रवाह घेतात. एवढा प्रवाह डॅशबोर्डच्या लहान स्विचमधून नेल्यास स्विच तापून वितळण्याचा धोका असतो. म्हणून मध्ये रिले घातला जातो. रिले म्हणजे अल्प प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा विद्युतचुंबकीय स्विच होय. त्याच्या टोकांवरील क्रमांक डीआयएन ७२५५२ या जर्मन मानकानुसार असतात.

* टोक ३०: बॅटरीच्या धन टोकाकडून, फ्यूजमधून येणारी मुख्य वायर.
* टोक ८७: दोन्ही दिव्यांकडे जाणारी वायर.
* टोक ८६: डॅशबोर्डवरील स्विचकडून येणारी वायर. स्विचला पुरवठा पार्किंग दिव्याच्या वायरवरून घेतल्यास, मोटारीचे दिवे बंद केले असता धुकेदिवे सुरू राहत नाहीत व बॅटरी उतरत नाही.
* टोक ८५: मोटारीच्या सांगाड्याला जोडलेली अर्थिंगची वायर.

वरील भारासाठी १५ अँपिअरचा फ्यूज योग्य ठरतो. तो बॅटरीच्या शक्य तितका जवळ असावा. कारण बॅटरी व फ्यूज यांमधील वायरच्या तुकड्याला कोणतेही संरक्षण नसते. त्या तुकड्याची वायर घासून सांगाड्याला टेकल्यास आग लागू शकते. फ्यूज वारंवार उडत असेल तर दोष शोधावा. मोठा फ्यूज किंवा तारेचा तुकडा घालू नये.

वायरची जाडीही महत्त्वाची आहे. तीन मीटर लांबीच्या २.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरमध्ये ९ अँपिअर प्रवाहाला सुमारे ०.२ व्होल्टची घट होते. तीच वायर ०.५ चौरस मिलिमीटरची असल्यास घट सुमारे १ व्होल्ट होते. हॅलोजन बल्बचा प्रकाश व्होल्टेजबरोबर झपाट्याने घटत असल्याने, एवढ्या घटीत जवळजवळ चतुर्थांश प्रकाश नाहीसा होतो आणि वायर तापते ती वेगळीच. एलईडी दिव्यांना प्रवाह कमी लागतो. तेथे दिव्याच्या वॅटनुसार लहान फ्यूज निवडतात.

=== बसविण्याचा क्रम ===

# मोटार सपाट जागी उभी करून इंजिन थंड होऊ द्यावे व बॅटरीचे ऋण टोक प्रथम सोडवावे.
# बंपरच्या आतील अस्तर सोडवून झाकणे काढावीत. पुढील भागात एअरबॅगचे संवेदक किंवा रडार असल्यास त्यांना धक्का लावू नये.
# दिवे ब्रॅकेटवर घट्ट बसवावेत. सैल दिव्याचा झोत खडबडीत रस्त्यावर थरथरतो.
# वायरिंग इंजिनाचे तप्त भाग, पंख्याची पाती व धारदार पत्रा यांपासून दूर नेऊन पट्ट्यांनी बांधावे. पत्र्यातून वायर नेताना रबरी ग्रोमेट वापरावे.
# सर्व सांधे क्रिम्प करून त्यांवर आकसणारी नळी चढवावी. नुसती पिळून चिकटपट्टी लावलेली वायर पावसाळ्यात गंजते.
# अर्थिंगची जागा रंग खरवडून स्वच्छ करावी.
# शेवटी बॅटरी जोडून स्विच, दोन्ही दिवे व मुख्य दिवे तपासावेत. दहा मिनिटांनी वायर व रिले हाताला गरम लागत नाहीत, याची खात्री करावी.

वॉरंटीत असलेल्या मोटारीचे मूळ वायरिंग कापल्यास उत्पादक विद्युत दोषांची जबाबदारी नाकारू शकतो. मूळ वायरिंगला न छेदता कपलरने जोडणारा संच त्यामुळे अधिक पसंत केला जातो.

=== दिशा-समायोजन ===

दिवे बसविल्यावर त्यांची दिशा ठरविणे हा कामाचा सर्वांत महत्त्वाचा व सर्वाधिक दुर्लक्षित भाग आहे. टायरांतील हवा योग्य असताना, नेहमीइतके वजन ठेवून, मोटार सपाट जमिनीवर भिंतीपासून १० मीटरवर उभी करतात. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून भिंतीवर तेवढ्या उंचीवर रेघ मारतात आणि तिच्याखाली १५ सेंटिमीटरवर दुसरी रेघ ओढतात. झोताची वरची कड या दुसऱ्या रेघेवर येईल असा स्क्रू फिरवितात. हा उतार दीड टक्का होतो. दिवा ६० सेंटिमीटर उंचीवर असल्यास अशा झोताची कड सुमारे ४० मीटरवर जमिनीला टेकते. मागे जास्त सामान भरल्यास मोटारीचे नाक उचलले जाऊन हे समायोजन बिघडते.

== वापर व मर्यादा ==

भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या वर्गीकरणानुसार दृश्यमानता १,००० मीटरहून कमी झाल्यास धुके, २०० मीटरहून कमी झाल्यास दाट धुके आणि ५० मीटरहून कमी झाल्यास अतिदाट धुके समजले जाते. धुकेदिवे दृश्यमानता खरोखर कमी असतानाच, खालच्या झोताबरोबर वापरावेत व धुके विरताच बंद करावेत. मागील धुकेदिवा स्वच्छ हवेत चालू ठेवल्यास मागच्या चालकास तो ब्रेकदिव्यासारखा भासतो व डोळ्यांना त्रास देतो.

धुकेदिव्यांनी दिसणारे अंतर व वाहन थांबण्यास लागणारे अंतर यांची तुलना उद्बोधक आहे. चालकास प्रतिक्रियेसाठी दीड सेकंद लागतो आणि ओल्या रस्त्यावर ब्रेकमुळे वेग दर सेकंदाला ५ मीटर प्रतिसेकंदाने घटतो, असे धरल्यास पुढील अंतरे मिळतात.

* ताशी ४० किलोमीटर: सुमारे २९ मीटर
* ताशी ६० किलोमीटर: सुमारे ५३ मीटर
* ताशी ८० किलोमीटर: सुमारे ८३ मीटर

झोत ४० मीटरपर्यंतच पोहोचत असल्यास ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार प्रकाशात दिसलेल्या बैलगाडीपूर्वी थांबू शकत नाही. अतिदाट धुक्यात तर झोताच्या टोकापर्यंतही दिसत नाही. तेव्हा धुकेदिवे बसविल्याने वेग वाढविण्याची मुभा मिळत नाही. कमी वेगात रस्ता सोडून न जाण्याची सोय तेवढी होते.

धुक्यात चारही इंडिकेटर चालू ठेवून वाहन चालविण्याची सवय अनेक चालकांना असते. त्यामुळे वाहन कोणत्या बाजूस वळणार हे मागच्यास कळत नाही. काहीच दिसेनासे झाल्यास रस्त्यावर न थांबता पेट्रोल पंप, ढाबा किंवा गावाजवळील मोकळी जागा गाठून, वाहन रस्त्याबाहेर पूर्णपणे घेऊन थांबणे व तेव्हा हे इंडिकेटर लावणे योग्य ठरते.

== देखभाल ==

खाली बसविलेल्या दिव्यांवर चिखल, खडी व पाण्याचा मारा सर्वाधिक होतो. मळलेल्या काचेतून झोताची कड पुसट होऊन प्रकाश वर पसरतो, म्हणून काच नियमित पुसावी. हॅलोजन दिव्याची तापलेली काच पाण्यात बुडाल्यास तडकू शकते. त्यामुळे पावसाळ्यात रपट्यावरील उथळ पाण्यातून जाण्यापूर्वी दिवे बंद करतात. पुराचे पाणी वाहत असलेल्या रपट्यावर मात्र वाहन घालूच नये. बंपरला धक्का बसल्यास किंवा बल्ब बदलल्यास दिशा-समायोजन पुन्हा तपासावे. हॅलोजनसाठी बनविलेल्या परावर्तकात एलईडी बल्ब घातल्यास प्रकाशाचा उगमबिंदू बदलतो, झोताची कड नाहीशी होते आणि धुकेदिव्याचा मूळ गुणच नष्ट होतो.

== हेही पहा ==

* धुके
* मोटार वाहन अधिनियम, १९८८
* ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प
* गडचिरोली जिल्हा
* रस्ता सुरक्षा